लाल पाटीचं परीक्षण : महाराष्ट्रातला टीसी नंबर, काल आणि आज

चाकणकडून नाशिक रस्त्याला लागणारी, काळ्यापांढऱ्या नक्षीच्या आवरणाखाली अंग लपवलेली चाचणीची गाडी आणि शोरूमच्या दारातून टेस्ट ड्राइव्हला निघालेली चकचकीत नवी गाडी, दोघींच्या पाठीवर एकच खूण असते : लाल पाटी, पांढरी अक्षरं आणि मधोमध ‘टीसी’. टीसी म्हणजे ट्रेड सर्टिफिकेट. हे सर्टिफिकेट आरटीओ देतं, त्याच्या जोरावर डीलर ही पाटी लावतो आणि नोंदणी न झालेली गाडी रस्त्यावर आणतो. इथे परीक्षण करायचं आहे ते या दोन्हींचं, म्हणजे कागदाचं आणि पाटीचं. निकाल आधीच सांगून टाकतो. कागद गेल्या काही वर्षांत चांगलाच सुधारला. पाटी मात्र आजही दोरीनं बांधलेली, टेपनं चिकटवलेली, नाहीतर डॅशबोर्डवर ठेवून दिलेली दिसते.

रंगांचा घोळ पहिल्यांदा मिटवू, कारण चौकात उभ्या असलेल्या पोलिसापासून गाडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो. लाल पाटीवर पांढरी अक्षरं असली की गाडी डीलरच्या किंवा कंपनीच्या ताब्यात आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं हा टेम्पररी नंबर. ती गाडी विकली गेली आहे आणि कायम नोंदणीची वाट बघते आहे. पिवळ्यावर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी, टेम्पो, ट्रक. काळ्यावर पिवळी असतील तर स्वतः चालवायला भाड्यानं मिळणारी गाडी. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं हे रंग पुन्हा एकदा तक्त्यात मांडून दिले, ते याच घोळामुळे. राज्यपालांच्या गाडीवर नंबराऐवजी लाल पाटीवर सोनेरी राजमुद्रा असायची, त्यामुळे ‘लाल पाटी म्हणजे कुणीतरी बडं’ हा जुना समजही अजून पुरता गेलेला नाही. शोरूमच्या लाल पाटीला असला कसलाही मान नाही. ती फक्त उसनी परवानगी आहे.

तिचं मूळ १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात सापडतं. नोंदणी सक्तीची करणाऱ्या त्या कायद्याच्या २२ व्या कलमातच, विक्रेत्याच्या ताब्यात असलेल्या आणि सूट मिळालेल्या गाडीला ही सक्ती लागू नाही, अशी पळवाट मुद्दाम ठेवलेली होती. पळवाट हा शब्द वाईट अर्थानं घेऊ नका. गोदीत उतरलेली किंवा कारखान्यातून निघालेली गाडी विकली जाईपर्यंत तिला मालकच नसतो. मग नोंदवायची कुणाच्या नावावर? त्या कायद्याच्या काळात महाराष्ट्रातल्या रस्त्यावर एमआर, एमएम, एमएच अशा अक्षरांनी सुरू होणारे तीन अक्षरी नंबर होते.

आजच्या लाल पाटीचा खरा जन्म १ जुलै १९८९ चा. त्या दिवशी १९८८ चा कायदा लागू झाला, केंद्रीय मोटार वाहन नियम आले आणि राज्याला ‘एमएच’ व त्यापुढे कार्यालयाचा आकडा मिळाला : पुण्याला १२, ठाण्याला ०४, कोल्हापूरला ०९, नागपूरला ३१. नियम ३३ पासून ४६ पर्यंतचा सगळा भाग ट्रेड सर्टिफिकेटला वाहिलेला होता. नंबर कसा पाडायचा हेही त्यात होतं. आधी राज्य, मग कार्यालयाचा आकडा, मग ‘टीसी’ ही दोन अक्षरं आणि शेवटी जास्तीत जास्त तीन आकडी क्रमांक. म्हणजे एमएच १२ टीसी १ पासून ९९९ पर्यंत. हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शहरात चारदोन शोरूम असतील, असं ते तीन आकडे बघून वाटतं. एक गोष्ट मात्र झकास होती. लाल पाटीला पसंतीचा क्रमांक नव्हता. ४१४१ चा ‘दादा’ आणि २१४ चा ‘राम’ करणाऱ्या महाराष्ट्रात ही एक पाटी तरी निर्विकार राहिली.

१९८९ च्या नियमांची बांधणी आजही वाचण्यासारखी आहे, कारण गैरवापराची प्रत्येक वाट त्यात आधीच ओळखलेली होती. एक नंबर एका वेळी एकाच गाडीवर. ज्या प्रकारच्या वाहनासाठी घेतला त्याच प्रकारावर. दुचाकीचा टीसी कारवर चालत नाही. सर्टिफिकेट गाडीतच ठेवायचं आणि तेही पाणी न शिरणाऱ्या गोल पाकिटात. गोलच का, हे कुणी विचारू नये. ए-फोर कागदाची घडी घालून गोल पाकिटात कोंबण्याचा उद्योग कित्येक वर्षं कागदावर तरी बंधनकारक होता.

गाडी कशासाठी बाहेर काढता येईल, याची यादी नियम ४१ मध्ये आहे. दुरुस्ती वा जुळणीच्या वेळची आणि नंतरची चाचणी, वजनकाट्यावर किंवा नोंदणीसाठी नेणं-आणणं, गिऱ्हाइकाला ‘वाजवी’ फेरी मारून दाखवणं, एका डीलरकडून दुसऱ्याकडे किंवा खरेदीदाराकडे पोचवणं, बॉडी बांधायला, रंगवायला वर्कशॉपला नेणं, रेल्वे स्टेशन, धक्का, विमानतळ इथून आणणं, प्रदर्शनाला नेणं, आणि हप्ते थकल्यामुळे फायनान्सवाल्यानं ताब्यात घेतलेली गाडी हलवणं. सेल्स मॅनेजरनं संध्याकाळी घरी नेणं या यादीत नाही. शोरूममधल्या कुणाच्या लग्नातली वरातही नाही. रविवारी लोणावळ्याच्या घाटात लाल पाटीची गाडी दिसली, तर ती वरच्यांपैकी कोणत्या कामाला निघाली होती, हे सांगताना चालवणाऱ्याची त्रेधा उडते.

नियम ४० तर आणखी बारीक आहे आणि गिऱ्हाइकांनी तो नीट समजून घ्यावा. टीसी नंबरच्या गाडीत स्वतः डीलर, त्याचा नोकर किंवा त्याच्या वतीनं काम करणारा माणूस हजर हवा. ‘घेऊन जा, एक चक्कर मारून या, आम्ही इथेच आहोत’ असं म्हणून कारची किल्ली हातात देणं म्हणजे सरळ नियमभंग. अपवाद एकच : ज्या वाहनावर एकच माणूस बसू शकतो, ते वाहन संभाव्य खरेदीदार एकट्यानं चालवून बघू शकतो. मागची सीट असलेली मोटरसायकल या अपवादात बसत नाही. दुचाकीच्या शोरूममध्ये याकडे सर्रास काणाडोळा होतो. गिऱ्हाइकाकडे स्वतःचं लायसन्स आणि हेल्मेट आहे का, एवढंही पाहिलं जात नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा पहिला प्रश्न असतो, मागे कोण बसलं होतं?

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी पाळलेली गोष्ट म्हणजे फॉर्म १९ ची नोंदवही. मूळ नियमात ती बांधीव, पानांना छापील क्रमांक असलेली आणि दोन प्रतींत लिहायची आहे. गाडी बाहेर पडण्याआधी खेप नोंदवायची, चालकानं सही करायची, एक प्रत त्यानं खिशात ठेवायची आणि मागितल्यावर दाखवायची. परतल्याची वेळ गाडी आल्यावर भरायची. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ही वही महिन्याच्या शेवटी एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिली जाते आणि मग एकच टीसी नंबर सकाळी साडेअकराला दोन ठिकाणी असल्याचं तीच वही सांगते. तपासणीत डीलर अडकतात ते इथे. आज कामं पोर्टलवर गेली असली, तरी खेपेची नोंद त्या त्या वेळी ठेवावीच. अपघात, चलान किंवा कॅमेऱ्यात सापडलेला वेग, यातलं काहीही झालं तर त्या क्षणी गाडी कुणाच्या हातात होती, हे सांगणारा तोच एक पुरावा.

डिसेंबर २०१६ च्या फीवाढीत टीसीची फी वाहनाच्या प्रकारानुसार मोटरसायकलला ५०० आणि इतर वाहनांना १,००० रुपये झाली. पण डीलरांची कुरकुर फीबद्दल कधीच नव्हती. दर वर्षी नूतनीकरण, प्रत्येक वाहनप्रकाराला वेगळा अर्ज आणि त्यासाठी होणाऱ्या खेपा, हे खरं दुखणं होतं. मोटरसायकल, हलकी वाहनं, मध्यम प्रवासी, मध्यम माल, जड प्रवासी, जड माल, असे प्रकार वेगळे आणि अर्जही वेगळे. ट्रकपासून टेम्पोपर्यंत सगळं विकणाऱ्याच्या टेबलावर नूतनीकरणाच्या वेळी फॉर्म १६ ची, म्हणजे टीसीच्या अर्जांची, चळत असायची. मुदत संपली आणि नवं सर्टिफिकेट हातात नाही, अशा मधल्या दिवसांत टेस्ट ड्राइव्ह थांबायला हव्या होत्या. त्या कुणी थांबवत नव्हतं.

१४ सप्टेंबर २०२२ च्या अधिसूचनेनं हे दुखणं बरं केलं. सर्टिफिकेटची मुदत १२ महिन्यांवरून पाच वर्षं झाली. अर्ज ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर आणि अनेक वाहनप्रकारांसाठी एकच. ३० दिवसांत आरटीओनं मंजूर वा नामंजूर केला नाही, तर तो मंजूर झाला असं धरायचं. फॉर्म १६-ए या नव्या नमुन्यात वाहन कंपनीनं डीलरला दिलेलं अधिकारपत्र आलं आणि सर्टिफिकेटची मुदत त्या अधिकारपत्राला बांधली गेली. कंपनीनं डीलरशिप काढून घेतली की टीसीही संपला. हे अधिकारपत्र शोरूममध्ये दिसेल असं लावायचं आहे. गिऱ्हाइकानं ते मागितलं तर आगाऊपणा नाही.

याच बदलानं दारही अरुंद केलं. १९८८ च्या कायद्यातल्या ‘डीलर’ शब्दाच्या व्याख्येत बॉडी बांधणारे, गाड्या दुरुस्त करणारे, अगदी कर्जानं गाड्या देणारेसुद्धा बसतात. आता टीसी फक्त अशा गाडीला, जिची ना कायम नोंदणी झाली आहे ना तात्पुरती, आणि ती गाडी डीलर, उत्पादक, आयातदार किंवा नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेच्या ताब्यात हवी. त्या संस्थांपैकी दोन, एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी, पुणे परिसरातच आहेत. चाकण, पिंपरी, नाशिक इथल्या कारखान्यांच्या चाचणीच्या गाड्या लाल पाटीवर फिरतात, त्या या चौकटीत. गॅरेजवाल्याची लाल पाटी मात्र आता बसत नाही.

जुन्या गाड्यांच्या बाजारात तर ती मुळीच बसत नाही. वापरलेल्या गाडीचा स्वतःचा नंबर असतोच. त्यांच्या विक्रेत्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून वेगळी चौकट आली : आरटीओकडून पाच वर्षांचं अधिकारपत्र, गाडी ताब्यात घेतल्याची ऑनलाइन खबर, गाडी पुढे विकली जाईपर्यंत विक्रेता हाच मानीव मालक आणि फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंदवही. सेकंडहँड गाड्यांच्या आवारात मूळ नंबर झाकून लाल पाटी लावलेली गाडी दिसली, तर सौदा किती का स्वस्त असेना, तिथून निघावं.

आता प्रत्यक्ष सेवा. पोर्टलवर अर्ज भरणं अवघड नाही. अडतं ते नाव आणि पत्ता यांवर. फॉर्म १६-ए वरचा पत्ता, जीएसटीच्या दाखल्यावरचा पत्ता, शॉप अ‍ॅक्टचा कागद आणि जागेचा करार, चारही ठिकाणी शोरूमचं नाव आणि गाळा नंबर अक्षरशः एकसारखा हवा. एका कागदावर ‘ऑटो’ आणि दुसऱ्यावर ‘ऑटोमोबाइल्स’ असलं की शेरा मारून अर्ज परत येतो. तो दुरुस्त करून पाठवण्यात दिवस जातात, म्हणून ‘आपोआप मंजूर’ होण्याच्या भरवशावर उद्घाटनाचा मुहूर्त काढू नये. जागेचा करार किमान काही वर्षांचा असलेला बरा. अकरा महिन्यांच्या करारावर पाच वर्षांचं सर्टिफिकेट मागायला गेलात की प्रश्न येणारच.

दुसरी शाखा काढणाऱ्यांनी एक गाठ बांधून ठेवावी. मुख्य शोरूमचा टीसी शाखेला चालतो, ही समजूत महागात पडते. २०२५ मध्ये परिवहन विभागानं विद्युत दुचाकींच्या ज्या शोरूमवर बडगा उगारला, तिथे नेमका हाच मुद्दा होता : विक्री चालू, पण त्या जागेसाठी ट्रेड सर्टिफिकेट नाही. तालुक्याच्या गावी ‘सब-डीलर’ म्हणून चार स्कूटर मांडून बसणाऱ्यानं कंपनीचं अधिकारपत्र आपल्या नावावर, आपल्या पत्त्यावर आहे का, हे आधी बघावं.

नंबर किती घ्यावेत? साठा किती आहे यावर ते ठरत नाही, एका वेळी रस्त्यावर किती गाड्या असतील यावर ठरतं. टेस्ट ड्राइव्हला तीन, यार्ड ते शोरूम आणण्यात दोन, दुसऱ्या डीलरकडे द्यायला एखादी, म्हणजे सहा. दिवाळी, पाडव्याला यार्डमधून रोज वीस गाड्या येतात तेव्हा सहा पाट्यांवर काम भागत नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन पाट्या छापल्या जातात. ही या धंद्यातली सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज पकडली जाणारी चूक आहे. टोलनाक्यावर, चौकात, सगळीकडे नंबर वाचणारे कॅमेरे आहेत. त्यापेक्षा यार्डची वाहतूक कार-कॅरियरवर टाका; ट्रकवर चढवलेल्या गाडीला टीसी लागतच नाही.

आणि टेस्ट ड्राइव्हची गाडी? तीच गाडी सहा-आठ महिने, हजारो किलोमीटर फिरणार असेल, तर तिला ‘वाजवी चाचणी’ म्हणता येत नाही. ती शोरूमच्या नावानं नोंदवून, कर भरून, पांढऱ्या पाटीवर चालवावी. पुढे ‘डेमो कार’ म्हणून विकतानाही कागद स्वच्छ राहतो.

आता पाटी, म्हणजे या सगळ्या व्यवस्थेतला कच्चा दुवा. मापं नेहमीचीच ठेवावीत : कारला ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २०० मिलिमीटर, अक्षरांची उंची ६५, जाडी १० आणि मधली जागा १०. दुचाकीला मागे २०० बाय १००, अक्षरं ३५ आणि आकडे ४० मिलिमीटरचे. अक्षरं इंग्रजी, आकडेही तेच. कागदावर प्रिंट मारून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली पाटी दोन पावसांत पुसते. एक मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि परावर्तक लाल फिल्म, एवढंच करून घ्यावं.

चुंबकाच्या पाट्या दुकानात मिळतात आणि सोयीच्या वाटतात, पण आजच्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे. मागच्या दारावर चिकटली तरी पुढे ती कुठे लावणार? दुहेरी टेप धुळीवर धरत नाही आणि धरली तर काढताना रंगाचा पापुद्रा येतो. सगळ्यात वाईट म्हणजे घाईत बंपरला पाडलेली नवी भोकं. ती डिलिव्हरीच्या दिवशी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरतात. गाडीत नंबरप्लेटची जागा आणि स्क्रूची भोकं तयार असतात. तिथेच एक ब्रॅकेट बसवावं, पाटी त्यात सरकवून खालून एका खटक्यानं अडकवावी. पंधरा सेकंदांत निघते आणि गाडीला ओरखडा पडत नाही. दुचाकीला मागच्या मडगार्डवरची दोन भोकं आणि दोन बोल्ट पुरतात. केबल-टाय वापरायचा तर दोन्ही टोकांना, एकाच टायवर पाटी गरगर फिरते.

नेहमीच्या नंबरप्लेटशी तुलना केली की कमतरता ठळक दिसते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला कंपनीकडूनच एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, मिळते. तिच्यावर निळा अशोकचक्राचा होलोग्राम असतो, लेसरनं कोरलेला कायम क्रमांक असतो आणि एकदा बसवल्यावर तोडल्याशिवाय न निघणारं लॉक असतं. लाल पाटी गाडीगणिक बदलावीच लागते, त्यामुळे तसलं लॉक तिला देता येणार नाही, हे मान्य. पण रस्त्यावरच्या पोलिसाला खरीखोटी ओळखायला पाटीवर काहीच खूण नसावी, हे पटत नाही. तीनशे रुपयांत कुणीही रेडियमवाला कुठलाही टीसी नंबर कापून देतो.

विम्याकडे बहुतेक डीलर दुर्लक्ष करतात. न विकलेल्या गाडीला तिची स्वतःची पॉलिसी नसते. रस्त्यावरच्या जोखमीसाठी ‘मोटर ट्रेड’ ही वेगळी पॉलिसी असते. त्यात नोंदवलेले टीसी नंबर आणि पाटीवरचे नंबर जुळतात का, हे दर नूतनीकरणाला तपासावं. नवे चार नंबर घेतले आणि विमा कंपनीला कळवलेच नाहीत, अशा गाडीनं कुणाला उडवलं तर भरपाई डीलरच्या खिशातून जाते.

गिऱ्हाइकासाठी मात्र लाल पाटीबद्दलचा सल्ला एका ओळीत बसतो : ताबा घेताना ती गाडीवर नको. नियम ४२ नुसार नोंदणीशिवाय, निदान तात्पुरत्या नोंदणीशिवाय, गाडी खरेदीदाराच्या हाती द्यायचीच नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यातल्या राज्यात घेतलेल्या नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनं करायचा आणि नंबर गाडीवर लागल्याशिवाय ती सोडायची नाही. अर्ज केला नाही तर वार्षिक कराच्या १५ पट किंवा आजीवन कराइतका, यांत जो जास्त असेल तो दंड डीलरला. नोंदणी नसलेली गाडी चालवणाऱ्याला पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये. ‘मुहूर्त आहे ना, आज घेऊन जा, नंबर चार दिवसांत लावून देतो’ असं म्हणणारा विक्रेता पेढा हातात देतो आणि जोखीम तुमच्या गळ्यात घालतो.

याच दुरुस्तीनं अधिकृत डीलरनं विकलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओसमोर उभी करण्याची अटही काढली. पूर्वी लाल पाटीच्या कितीतरी फेऱ्या ‘पासिंग’साठी व्हायच्या. गाड्यांची रांग लावून सकाळी आठला आरटीओच्या मैदानात थांबणारी पोरं आता दिसत नाहीत. त्यामुळे आज एखादा ‘पासिंगला चाललोय’ म्हणून लाल पाटीची नवी कार दाखवू लागला, तर कोणत्या कारणानं, हे विचारायला हरकत नाही.

सर्टिफिकेट हरवलं तर आधी पोलीस ठाण्यात नोंद, मग आरटीओला कळवणं आणि फॉर्म १८ मध्ये दुसऱ्या प्रतीचा अर्ज. मूळ सापडलं तर ते परत करायचं, दोन्ही वापरायची नाहीत. नुसती पाटी हरवली तर ‘नवी करून घेऊ’ म्हणून गप्प बसू नये. तिचीही नोंद त्याच दिवशी करावी, कारण ती पाटी दुसऱ्या कुणाच्या गाडीवर लागली तर पहिलं चलान तुमच्या शोरूमच्या नावानं येतं.